खाऊन झालं, बिलही दिलं... मग टेबलावर किती वेळ बसायचं?

पेठेतला_जावई

मंडळी, गेल्या रविवारी एक प्रकार झाला आणि त्यावरून घरात अजून दोन पार्ट्या पडलेल्या आहेत, मी आणि आई एका बाजूला, बायको आणि लेक दुसऱ्या बाजूला, सासरेबुवा नेहमीप्रमाणे तटस्थ. म्हटलं इथे विचारावं, काय तो सोक्षमोक्ष लागेल.

पुण्यातलं एक गजबजलेलं साउथ इंडियन हॉटेल, नाव लिहीत नाही कारण मला हॉटेलची बदनामी करायची नाहीये, नेहमी जातो तिथे आणि पुढेही जाणार (सांबार सोडवत नाही). सासू-सासरे नाशिकहून आलेले, म्हणून आम्ही सहा जण, त्यात आई ७६ वर्षांची. बाहेर वहीत नाव लिहून बरोब्बर ४० मिनिटं उभे होतो, आईला फक्त एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली, तीही एका भल्या मुलीने उठून दिली म्हणून. शेवटी टेबल मिळालं, इडली-वडा, दोन मसाला, एक उत्तप्पा, आईला उपमा, मग सगळ्यांना कॉफी. कॉफीबरोबर सासरेबुवांनी ७२ च्या दुष्काळाचा विषय काढला. ते तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत गावी गेले की खडी फोडायच्या कामावर हजेरी मांडायला बसायचे, कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) वाटायचे, रेशनला तो लाल मिलो (परदेशी ज्वारी) यायचा आणि त्याची भाकरी कशी घशाखाली उतरायची नाही वगैरे. माझी लेक नववीत आहे, ती फोन खाली ठेवून ऐकत होती, ही घटना आमच्या घरात वर्षातून एकदा घडते.

तेवढ्यात वेटरने न मागता बिल आणून ठेवलं, वर बडीशेपेची वाटी. मी म्हटलं ठीक आहे, पैसे दिले. त्यानंतर आम्ही फार तर पंधरा-वीस मिनिटं बसलो असू. तेवढ्यात त्या पोराने दोनदा येऊन ओल्या फडक्याने टेबल पुसलं, दुसऱ्यांदा तर आईचं कोपर उचलायला लावून. आणि एक गृहस्थ, कडेवर लहान मूल, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. म्हणजे आई मागे टेकली तर त्यांच्या हातावर टेकणार असे. थोड्या वेळाने म्हणाले, "काका, झालं असेल तर..." मी म्हटलं, आम्ही पण ४० मिनिटं बाहेर उभे होतो. तर म्हणाले, "म्हणून आम्हाला पण उभं करणार का?" आवाज चढले, मॅनेजर आला, त्याने हात जोडले पण ते हात आमच्याकडे बघून जोडलेले आणि नजर दाराकडे. आम्ही उठलो. आईची अर्धी कॉफी तशीच राहिली याचं मला वाईट वाटलं.

तर प्रश्न असा की बिल दिल्यावर बसायचंच नाही का? आणि खुर्चीमागे उभं राहणं ही कुठली पद्धत? आणि न मागता बिल ठेवणं हा अपमान आहे का नाही? स्पष्ट बोला, मी चिडणार नाही.

मिसळ_जहाल

चूक तुमची. पुढचा प्रश्न.

(हलके घ्या. पण चूक तुमचीच.)

गल्ल्यावरचा

जावईबापू, मी २६ वर्षं गल्ल्यावर बसलोय, आता भाचा बघतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी गणित. समजा अठरा टेबलं आहेत. रविवारी सकाळचा धंदा आठ ते बारा, म्हणजे २४० मिनिटं. एक टेबल अर्ध्या तासात मोकळं झालं तर आठ वेळा फिरतं. तेच ४५ मिनिटं अडकलं तर पाच वेळा. टेबलामागे सहाशे रुपये धरा, तीन फेऱ्या गेल्या की अठराशे गेले, अठरा टेबलांचे ३२,४०० रुपये. हे कागदावरचं झालं, प्रत्यक्षात सगळीच टेबलं अडत नाहीत, पण हॉटेलवाल्याच्या डोक्यात रविवारी सकाळी हाच कागद फडफडत असतो. कारण सोमवार ते शुक्रवार दुपारी चारला त्याच टेबलांवर माश्या मारायच्या असतात आणि पगार, गॅस, भाडं तेव्हाही चालूच असतं. इडलीचं पीठ आदल्या रात्री आंबवून ठेवलेलं, ते दुपारी उरलं तर आंबट होतं, मग स्टाफच्या ताटात नाहीतर मोरीत.

दुसरी गोष्ट वेटरची. त्याच्याकडे चार टेबलं असतात. तुम्ही बसून राहिलात की त्याचं एक टेबल मेलं. टीप टेबलामागे मिळते, मिनिटामागे नाही. त्याला शिव्या मालकाच्या, वाट बघणाऱ्यांच्या पण. फडकं मारतो तो बहुतेक वेळा वेटरसुद्धा नसतो, टेबल साफ करणारा पोऱ्या असतो, त्याला मागून मॅनेजरने भुवई उडवून सांगितलेलं असतं.

आता आमच्या धंद्यातली भाषा सांगतो, गिऱ्हाईकाला उठा म्हणायचं नाही हा नियम, मग उठवायचं कसं. पहिली पायरी, रिकामी ताटं उचलायची. दुसरी, "और कुछ सर?" हे प्रश्नचिन्ह नसतं हो, पूर्णविराम असतो. तिसरी, पाणी भरायचं बंद. चौथी, बडीशेप. बडीशेप आली की समजायचं की हॉटेलचं तुमच्याशी बोलणं संपलं. त्यानंतर फडकं. फडक्याच्या पुढे आमच्याकडे पायरी नव्हती, काही जण डोक्यावरचा पंखा बंद करतात असं ऐकलंय, आम्ही कधी केलं नाही. (एकदा केलं होतं. कॉलेजची पोरं होती, एक मसाला डोसा पाच जणांत.)

पण आईंचं कोपर उचलायला लावलं ते चूक. माझ्या वेळेला तसं झालं असतं तर मी स्वतः येऊन माफी मागितली असती. न मागता बिलाचं म्हणाल तर थाळीच्या नि नाश्त्याच्या हॉटेलात तो अपमान नाही, तिथे ती पद्धतच आहे. एसी फॅमिली रूममध्ये जेवायला बसलात आणि आइस्क्रीम यायच्या आधी बिल आलं, तर तो अपमान.

एक विचारतो, राग नसावा. अर्धी कॉफी राहिली म्हणता. गरम होती का ती?

चार_बायका_तीन_कॉफी

इथे सगळे गणित मांडायला लागलेत म्हणून माझंही मांडते.

आम्ही चार मैत्रिणी, शाळेपासूनच्या, महिन्यातून एकदा भेटतो. एकीच्या घरी सासूबाई आजारी, एकीचं घर वन बीएचके, एकीचा नवरा घरून काम करतो, माझ्याकडे लिफ्ट बंद. कुठे भेटायचं सांगा. पुरुषांना टपरी आहे, पानाची गादी आहे, सोसायटीच्या गेटवरची कट्ट्याची जागा आहे, एक कटिंग घेऊन तासभर उभे राहिले तर कोणी विचारत नाही. आम्ही चौघी टपरीवर उभ्या राहिलो तर दहाव्या मिनिटाला कोणीतरी "ताई काही पाहिजे का" म्हणून येतं. बागेत जावं तर महापालिकेच्या बागा दुपारी बंद, नेमकी आम्हाला वेळ असते तेव्हा. देवळात बसावं तर कीर्तनाची तयारी चालू. मग उरतं काय, हॉटेलचं टेबल. आम्हाला कॉफी नको असते, आम्हाला दोन तास खुर्ची हवी असते, कॉफी हे त्या खुर्चीचं भाडं आहे.

पण आम्ही रविवारी सकाळी जात नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनला जातो, गल्ल्यावरचे काका म्हणतात तशा माश्या असतात तेव्हा. दर पाऊण तासाने काहीतरी मागवतो, शेवटी एक प्लेट भजी घरच्यांसाठी पार्सल. आमचा ठरलेला वेटर आहे, तो आम्हाला बघितलं की कोपऱ्यातलं टेबल पुसतो, आणि तिथे फडकं म्हणजे "या बसा" असतं बरं का. त्याच्या मुलीच्या दहावीला आम्ही चौघींनी मिळून पाकीट दिलं होतं.

तेव्हा दादा, बसण्याला माझा विरोध नाही. रविवारी साडेनऊला बसण्याला आहे.

माटुंगा_रिटर्न

पुणेकरांचं एक बरं असतं, टेबल मिळालं की सातबारा नावावर झाला असं समजतात. (मी पण आता पुण्यातच राहतो, म्हणून बोलायचा हक्क आहे.)

मुंबईत वाढलेल्याला हा प्रश्न पडतच नाही कारण टेबल आपलं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. जिना चढून वर जायचं, कूपन घ्यायचं, नंबर पुकारला की आत, आणि जी खुर्ची रिकामी ती आपली. समोर कोण, शेजारी कोण, काही संबंध नाही. चौघं गेलात तर चौघं एकत्र बसाल याचीही खात्री नाही. केळीचं पान पुढ्यात, वाढपी फिरतायत, तुम्ही मान वर करेपर्यंत रसम आलेलं. जेवण झालं की उठायचं, कोणी सांगत नाही, पण तिथे बसून गप्पा मारणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. किंग्ज सर्कलच्या कॅफे मद्रासला रविवारी फुटपाथवर नाव पुकारायची वाट बघत जी गर्दी असते ती बघितली की आतला माणूस आपोआप डोसा पटापट संपवतो. आणि दोघं असाल तर चौघांच्या टेबलावर दुसरी जोडी येऊन बसणार हे गृहीत. माझ्या बाबांची एक आयुष्यभराची ओळख अशीच समोरच्या खुर्चीवर झाली, त्या काकांनी चटणीची वाटी पुढे सरकवली होती.

आता इराण्याकडे मात्र तासन् तास बसायचो हेही खरं. धोबीतलावच्या कयानीत (१९०४ सालचं ते) एक ब्रुन मस्का आणि दोन चहा यावर आम्ही अख्खं सेकंड इयर काढलं. लोक म्हणतात इराणी दिलदार. असतीलही, पण त्यामागे एक कारण आहे ते कोणी सांगत नाही. त्या जागा पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली होती, महिन्याचं भाडं इतकं किरकोळ की टेबल अडलं तरी इराण्याचं काही जळत नव्हतं. आज लाखात भाडं भरणाऱ्याकडून तीच दिलदारी कशी मागणार? आणि इराणीसुद्धा काही संत नव्हते, भिंतीवर पाटी असायचीच, केस विंचरू नका, गल्ल्यावरच्याशी वाद घालू नका, उगाच बसून राहू नका. शिवाय भिंतभर आरसे, गल्ल्यावरून प्रत्येक टेबल दिसायचं. आम्ही ते शोभेसाठी समजायचो.

बाकी दुष्काळाच्या गोष्टी सांगताना मागे उपाशी माणूस पोर घेऊन उभा, हे चित्र मात्र भारी आहे.

मिसळ_जहाल

शेवटच्या वाक्याला दंडवत. चहा सांडला.

लॅपटॉपधारी

मी कॅफेत बसून काम करतो, चार-चार तास, एक कापुचिनो. इथे आता मला शिव्या पडणार बहुतेक.

गल्ल्यावरचा

पडणार. चार्जर पण त्यांचाच वापरता का?

लॅपटॉपधारी

केबल माझी आहे. सॉकेट त्यांचा.

फिल्टर_कापी

बेंगळुरूहून. इथल्या लोकांनी हा प्रश्न सोडवलाय, खुर्च्याच काढून टाकल्या. दर्शिनी म्हणतात त्याला. १९८३ साली जयनगरला कॅफे दर्शिनी निघालं तेव्हापासून हा प्रकार गल्लोगल्ली. छातीइतक्या उंचीची गोल टेबलं, काउंटरला पैसे आधी, कूपन दाखवायचं, ताटली घ्यायची, उभ्या उभ्या खायचं, ताटली स्वतः टबात टाकायची. दहा मिनिटांत माणूस बाहेर. बिल कधी आणायचं, न मागता आणलं का, फडकं कोणाच्या कोपराला लागलं, सगळे प्रश्न मुळातून खलास. भाव पण त्यामुळेच कमी, जागा छोटी लागते, वेटर लागत नाहीत. सुरुवातीला मला कसंतरी व्हायचं, आपण काय घोडे आहोत का उभ्याने खायला, आता सवय झाली. आई आली की मात्र पंचाईत, तिला उभ्याने खाणं म्हणजे अन्नाचा अपमान वाटतो, ती पायरीवर बसते ताटली घेऊन.

आणि ह्याच शहरात चर्च स्ट्रीटला इंडिया कॉफी हाऊस आहे, आधी एमजी रोडला होतं, २००९ मध्ये इकडे आलं. तिथे पगडी घातलेले वेटर, ऑम्लेट, आणि सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आजोबा. कोणी उठवत नाही. कारण ते कामगारांच्या सोसायटीचं आहे, सरकारी कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा नोकरी जाणाऱ्या वेटर लोकांनीच सोसायट्या काढून ती चालवायला घेतली, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी होते. जो वेटर तोच मालक, आणि तरी फडकं मारत नाही, गल्ल्यावरच्या काकांनी याचा विचार करावा :)

म्हणजे बसायचं असेल तर बसायच्या ठिकाणी जा, खायचं असेल तर खायच्या. तुम्ही खायच्या ठिकाणी जाऊन बसलात.

गल्ल्यावरचा

विचार केला. कॉफी हाऊसमध्ये कॉफी यायलाच वीस मिनिटं लागतात, मग उठवणार कशाला.

श्टुटगार्टहून

उलटी बाजू सांगते. इथे जर्मनीत न मागता बिल आणलं तर लोक खरंच दुखावतात. तुम्ही "त्साहलेन, बिटं" म्हणेपर्यंत वेटर बिलाचं नाव काढत नाही, आणि ते म्हणायला वेटर नजरेस पडावा लागतो, त्यात पंधरा मिनिटं जातात. नवीन आले होते तेव्हा आम्ही दोघं खाऊन झाल्यावर बिलाची वाट बघत बसलो होतो आणि वेटर आमच्या उठण्याची वाट बघत असणार असं मला वाटत होतं, मी घाईघाईने पर्स आवरत होते, तर तो येऊन विचारतो, जेवण आवडलं नाही का? बिअरच्या जुन्या ठिकाणी तर ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघा मारतात, जितके ग्लास तितक्या रेघा, तोच हिशोब. काही ठिकाणी एक टेबल नेहमीच्या मंडळींसाठी राखलेलं असतं, वर पाटी, तिथे परक्याने बसायचं नाही, जागा रिकामी असली तरी.

पण याला दुसरी बाजू आहे. खुर्चीमागे कोणी उभं राहत नाही कारण भरलेलं असेल तर दारातूनच परत पाठवतात, आणि आता मोठ्या शहरांत बरेच जण ऑनलाइन बुकिंग करतानाच सांगतात की टेबल दोन तासांसाठी. शिवाय एका इडलीच्या भावात जेवण नसतं हो इथे. जेवढं बसता त्याचे पैसे बिलात आधीच धरलेले असतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी कॉफीचा भाव रुपयांत करून बघितला आणि म्हणाल्या, मग आता संध्याकाळपर्यंत बसू.

खुर्चीमागचा

जावईसाहेब, तो मी नव्हेच, पण त्याच्या जागी मी दर महिन्याला असतो म्हणून लिहितो.

खुर्चीमागे उभं राहणं वाईट, मान्य. माझ्या मागे कोणी उभं राहिलं तर मलाही घास गिळवत नाही. पण ही सवय आपल्याला लागली कुठे? लग्नात. टेबलपंगतीत एक पंगत जेवतेय, ताक-भात चाललाय, आणि दुसरी पंगत त्यांच्या मागे उभी, एकेकाने खुर्ची पकडलेली, कोणी रुमाल टाकलाय, कोणी पोराला आधीच कोपऱ्यात टेकवलंय. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारे आपण, आपल्याला रिकामी जागा दिसली की हात आपोआप पुढे जातो. हॉटेलवाला वहीत नाव लिहून घेतो पण आत कुठलं टेबल कोणाला ते सांगत नाही, मग माणूस स्वतःच आत येऊन टेहळणी करतो. ज्या हॉटेलात नाव पुकारून नेऊन बसवतात तिथे कोणी मागे उभं राहताना दिसत नाही. तेव्हा यात निम्मा दोष मी मॅनेजरला देईन.

आता कडेवरच्या पोराचं. माझे वडील शुगरवाले आहेत, गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात काही जावं लागतं. आम्ही बिस्किटं घेऊन जातो, पण रांगेत तास गेला की त्यांचे हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. अशा वेळी आत बघावं तर एका टेबलावर रिकामे कप, चुरगळलेले टिश्यू, बडीशेपेची वाटी संपलेली आणि मंडळी हसतायत. त्यांचं हसणं चुकीचं नसतं, त्यांना आपण दिसतच नसतो. पण त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे मनात येतं ते इथे लिहिता येणार नाही, संपादक उडवतील.

मी मागे उभा राहत नाही, समोर जाऊन उभा राहतो, त्यांना दिसेल असा, आणि विचारतो, "तुमचं चालू द्या, साधारण किती वेळ लागेल?" दहातले आठ लोक लगेच उठतात. नववा म्हणतो दहा मिनिटं, आणि दहा मिनिटांत उठतो. दहावा तुमच्यासारखा.

चार_बायका_तीन_कॉफी

दहावा तुमच्यासारखा :D

पेठेतला_जावई

बरं, सगळ्यांचं वाचलं. चिडलो नाही (थोडा चिडलो, दहाव्यावरून).

गल्ल्यावरचे काका, तुम्ही कॉफीचं विचारलंत म्हणून आईला विचारलं. म्हणाली, "गरम कुठली, केव्हाचीच थंड झाली होती, वर साय धरली होती." तिथे माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. मग बायकोने, जिला या सगळ्यात फार रस आहे, पाकिटातून बिल शोधून काढलं. बिलावर वेळ ९:५२. माझ्या फोनवरून पैसे गेलेत ९:५५ ला. आणि रिक्षा बुक केल्याची वेळ १०:४४. मी तिला म्हटलं की बाहेर येऊनही आपण थोडे थांबलो असू, ती म्हणाली रिक्षा मी आतूनच बुक केली, तुम्ही भांडत होतात तेव्हा.

म्हणजे पंधरा-वीस मिनिटं नाही. एकोणपन्नास मिनिटं. मी शपथेवर सांगतो मला ती वीसच वाटली होती.

पुढचं ऐका. मी आईला म्हटलं, अगं मग तू तरी म्हणायचं ना उठू या. तर म्हणाली, "मला तर केव्हाचं उठायचं होतं, कंबर भरून आली होती. पण व्याहीबुवा बोलतायत, ताटावरून आपण आधी कसं उठायचं?" पंगतीत एकट्याने उठायचं नाही, सगळ्यांचं झालं की सगळ्यांनी मिळून उठायचं, हे ती लहानपणापासून पाळत आलीये, हॉटेलात सुद्धा. मग मी सासरेबुवांना नाशिकला फोन लावला. ते म्हणाले, "मी कधीचा थांबणार होतो हो, पण विहीणबाईंची कॉफी उरली होती, त्यांचं होईपर्यंत बोलत राहिलो."

म्हणजे ती यांच्यासाठी बसलेली आणि हे तिच्यासाठी बोलतायत, आणि मी दोघांच्या मानासाठी त्या माणसाशी भांडतोय.

खुर्चीमागचा

मालक, दहावा शब्द मागे घेतला. साडेनववा.

गल्ल्यावरचा

आमच्याकडे असे व्याही-विहीण लोक खूप यायचे. त्यांच्यासाठी एकच उपाय असतो, घरातल्या कर्त्या माणसाने उठून हात धुवायला जायचं. तो उठला की बाकीची पंगत सुटते. पुढच्या वेळी तुम्ही उठा.

माटुंगा_रिटर्न

ते सगळं ठीक आहे, पण सासरेबुवांची मिलोची गोष्ट पूर्ण झाली का नाही?

पेठेतला_जावई

रिक्षात झाली. लेक त्यांच्या रिक्षात बसली होती, मला शेवट माहीत नाही.